विज्ञानपटांतला ख्रिस्ती आशय कसा ओळखावा

पडद्यावर कुणी दोन्ही हात आडवे पसरले की प्रेक्षकांतून आवाज येतोच, 'हा बघा, ख्रिस्त!' 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) मध्ये सुपरमॅन अंतराळयानातून बाहेर पडताना हात पसरून तरंगतो. 'एलियन ३' (१९९२) मध्ये रिप्ली हात पसरून धगधगत्या भट्टीत स्वतःला मागे झोकून देते. आकार तोच. पण सुपरमॅन त्या क्षणी काही गमावत नाही. तो कुणाला तरी वाचवायला निघालाय, एवढंच. रिप्लीच्या शरीरात मात्र माणसांचा काळ ठरेल असा जीव वाढतोय. तो आपल्या हाती लागावा म्हणून एका कंपनीची माणसं तिला जगवण्याचं आमिष दाखवतात. ती नकार देते आणि मरते. पहिल्या दृश्यात वधस्तंभाचा आकार आहे, दुसऱ्यात त्याचा अर्थही आहे. पुढची सगळी खटपट हा फरक पकडण्यासाठी आहे. त्यासाठी अनेक चित्रपटांचे शेवट उघड करावे लागले आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी चित्रपट आधी पाहून घ्यावेत.

पडद्याआधी पान

बायबल नीट न वाचता हे काम केलं की हाती लागतात ते फक्त पसरलेले हात आणि पांढरी कबुतरं. सगळं बायबल वाचायची गरज नाही, पण पुढचा भाग टाळू नका. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटं, १६ अध्यायांचं. दीड-दोन तासांत एका बैठकीत होतं. मग उत्पत्ति १ ते ११ (निर्मिती, पतन, जलप्रलय, बाबेल), निर्गम १ ते १५ (मोशे आणि गुलामांची सुटका), यशया ५३ (दुःख सोसणारा सेवक), मत्तय २ (हेरोदाने केलेली बालहत्या), लूक १ आणि १५, योहान १, १० आणि ११, फिलिप्पैकरांस २:६-८, आणि शेवटी प्रकटीकरण १२ व २१. चार-पाच संध्याकाळी पुरतात.

यातलं प्रकटीकरण १२ लोक हमखास गाळतात. विज्ञानपटांसाठी तेच सर्वांत उपयोगी पडतं. कसं ते पुढे येईलच.

भाषांतराचीही एक अडचण आहे. इंग्रजी चित्रपटांचे लेखक अनेकदा १६११ च्या किंग जेम्स भाषांतराचे शब्द उचलतात. 'चिल्ड्रन ऑफ मेन' (२००६) हे शीर्षक ज्या कादंबरीवरून आलं, तिचं नाव स्तोत्र ९०:३ मधलं आहे. काही आधुनिक भाषांतरांत तो शब्दप्रयोग बदलला आहे, त्यामुळे तिथे शोधणाऱ्याला तो सापडत नाही. अर्थ समजायला मराठी बायबल वाचा, पण संवादातला एखादा शब्द ताडायचा असेल तेव्हा किंग जेम्स शेजारी ठेवा.

कोणती प्रत पाहायची

एकाच चित्रपटाच्या निरनिराळ्या आवृत्त्या असतात आणि कधी कधी पुरावाच त्यांत बदलतो. 'ब्लेड रनर'ची १९८२ ची मूळ आवृत्ती, १९९२ ची दिग्दर्शकाची आवृत्ती आणि २००७ ची अंतिम आवृत्ती या तीन सगळ्यांना ठाऊक आहेत. कृत्रिम मानव रॉय बॅटी आपल्या निर्मात्याकडे अधिक आयुष्य मागतो, तेव्हा १९८२ मध्ये वाक्याच्या शेवटी शिवी आहे. २००७ मध्ये तिथे 'फादर' हा शब्द ऐकू येतो. ज्याने फक्त एक आवृत्ती पाहिली, त्याचा निष्कर्ष दुसऱ्याला चुकीचा वाटणार. म्हणून टिपणाच्या माथ्यावर आवृत्ती आणि वर्ष लिहा.

डब केलेली प्रत या कामाला चालत नाही. ओठांशी जुळवताना नावं आणि बायबलची वाक्यं सर्वांत आधी बदलली जातात. मूळ आवाज आणि मूळ भाषेतले सबटायटल्स हवेत.

दोनदा पाहा, आणि दुसऱ्यांदाच लिहा

पहिल्यांदा वही दूर ठेवून सलग पाहा. पहिल्याच वेळी पेन हातात असलं की माणूस खुणा वेचत बसतो आणि कथेचा भार कुठे आहे हे कळतच नाही. संपल्यावर तीन-चार ओळींत फक्त कथा लिहून काढा: संकट काय, ते कुणामुळे आलं, कोण सोडवतं, काय मोजून. या ओळी पुढे कामाला येतात.

दुसऱ्यांदा थांबत थांबत पाहायचं. दोन तासांच्या चित्रपटाला तीन-साडेतीन तास धरा. पानावर पाच रकाने आखा: वेळ, पडद्यावर नेमकं काय दिसलं किंवा ऐकू आलं, बायबलमधला संदर्भ, अध्याय आणि ओवीसह, त्या गोष्टीचं कथेतलं साधं काम, आणि विरोधी पुरावा. शेवटचे दोन रकाने भरायचा कंटाळा येतो. पण तेच रिकामे राहिले की सगळं टिपण कुचकामी ठरतं.

'ब्लेड रनर'मधलं एक उदाहरण घ्या. बॅटी स्वतःच्या तळहातातून खिळा आरपार ठोकतो. संदर्भाच्या रकान्यात योहान २०:२५ येईल, जिथे येशूचा शिष्य थोमा त्याच्या खिळ्यांच्या खुणा पाहायला मागतो. कथेतलं काम: त्याचं आयुष्य संपत आलंय, हात आखडतोय, आणि वेदनेने तो हात चालता ठेवायचा आहे. विरोधी पुरावा: हा खिळा त्याने स्वतः, स्वतःसाठी ठोकला आहे. एवढं लिहिल्यावर त्या खिळ्यावर किती भार टाकायचा याचा अंदाज येतो.

चार थर

टिपणं जमली की त्यांची वर्गवारी करा. सर्वांत हलका थर नावांचा आणि आकड्यांचा. त्याहून जड दृश्यांचा: क्रूस, पाणी, कबुतर, गोठा, वरून येणारा प्रकाश. त्याखाली कथानकाचा: जन्माची वार्ता, विश्वासघात, मरण, परत उठणं. सर्वांत जड थर विचाराचा: माणसाचं मूळ दुखणं काय आणि त्यावर उपाय काय, याबद्दल चित्रपट काय म्हणतो.

नावांनी भुलू नका. 'टर्मिनेटर'मधल्या जॉन कॉनरची आद्याक्षरं जे. सी., म्हणजे जीझस ख्राइस्ट, असं उत्साहाने सांगितलं जातं. पण दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांचीही आद्याक्षरं तीच आहेत.

'द मेट्रिक्स' (१९९९) मध्ये नावांची रेलचेल आहे. ट्रिनिटी (म्हणजे त्रैक्य), सियोन हे शहर, आणि नबुखद्नेस्सर नावाचं यान. यानावरच्या पाटीवर 'मार्क ३, क्र. ११' असं कोरलेलं दिसतं. मार्क ३:११ उघडलं तर अशुद्ध आत्मे येशूला पाहून 'तू देवाचा पुत्र आहेस' असं ओरडताना सापडतात. सुरुवातीलाच एक गिऱ्हाईक नायक निओला आपला येशू ख्रिस्त म्हणतं. हे सगळं मुद्दाम पेरलेलं आहे यात शंका नाही. पण नबुखद्नेस्सरकडे जरा थांबून पाहा. दानीएल २ मध्ये बाबेलच्या या राजाला अस्वस्थ करणारं स्वप्न पडतं, आणि ही गोष्ट स्वप्नातून जागं होण्याच्या कथेला शोभते. पण २ राजे २५ मध्ये हाच राजा सियोन, म्हणजे यरुशलेम, उद्ध्वस्त करतो, आणि चित्रपटात त्याच्या नावाचं यान सियोनच्या बाजूने लढतं. म्हणजे नाव अर्धंच जुळतं. अर्ध्या जुळणीची नोंद अर्धी म्हणूनच करा. जुळलेला भाग सांगून न जुळलेला लपवणं ही या क्षेत्रातली सर्वांत सर्रास लबाडी आहे.

सहा प्रश्न

एखादं पात्र ख्रिस्तासारखं आहे असं म्हणण्याआधी सहा प्रश्न विचारा. ते निर्दोष आहे का? त्याचं दुःख दुसऱ्यांसाठी आहे का? ते स्वेच्छेने आहे का? (योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की माझा प्राण कुणी हिरावत नाही, मीच तो देतो, कसोटी तिथून घेतली आहे.) ज्यांच्यासाठी हे होतं त्यांत शत्रूही आहेत का? मरणामुळे काही बदलतं का? आणि मरणानंतर काय?

सहाच्या सहा उत्तरं 'हो' यावीत अशी अपेक्षा नाही. तीन-चार भक्कम 'हो' आणि उरलेल्यांबद्दल स्पष्ट कबुली पुरते. शेवटचा प्रश्न एकटाच 'हो' असेल तर मात्र सावध व्हा, कारण मेलेला नायक परत उठणं ही विज्ञानपटांत जवळजवळ यंत्रसामग्रीचीच बाब आहे.

'द डे द अर्थ स्टूड स्टिल' (१९५१) वर हे लावून पाहा. परग्रहावरून आलेला क्लाटू माणसांत मिसळताना कार्पेंटर, म्हणजे सुतार, हे नाव घेतो. त्याला मारलं जातं, गॉर्ट हा यंत्रमानव त्याला जिवंत करतो, आणि संदेश देऊन तो आकाशात निघून जातो. यादी भरगच्च. पण दुसऱ्या प्रश्नावर सगळं अडतं: क्लाटू कुणासाठी मरत नाही. त्याचा निरोप असा की शांततेने राहा, नाहीतर तुमचा ग्रह जाळून टाकू. हे शुभवर्तमानापेक्षा योनाच्या पुस्तकाच्या जवळ जातं. ४० दिवसांत निनवे उलथून पडेल असं सांगणारा संदेष्टा आणि पश्चात्तापाला उरलेली थोडी मुदत. सुताराचं नाव ख्रिस्ताकडे बोट दाखवतं, निरोप मात्र योनाचा आहे. असं काही सापडलं की टिपण खरं रंगतं.

कथानकाचा थर उकलताना

आता प्रकटीकरण १२. एक गरोदर स्त्री, तिचं मूल जन्मताच गिळायला टपलेला अजगर, आणि त्या स्त्रीचं रानात पळून जाणं. 'टर्मिनेटर' (१९८४) ची गोष्ट हीच आहे. भविष्यातून आलेला सैनिक सारा कॉनर या सामान्य मुलीला सांगतो की तुझा मुलगा जॉन माणसांना वाचवणार आहे. लूक १ मधली देवदूताची वार्ता आठवते. मूल जन्मायच्या आधीच आईला संपवायला यंत्र पाठवलं जातं. नेमकी सारा कोणती हे त्याला ठाऊक नसल्याने ते फोनच्या यादीतल्या त्याच नावाच्या बायका मारत सुटतं. मत्तय २:१६ मध्ये हेरोद नेमकं मूल ठाऊक नसल्याने बेथलेहेममधली सगळी बालकं मारतो. शेवटी गरोदर सारा एकटी रानावाळवंटाच्या दिशेने गाडी हाकते.

तीन घटना, आणि प्रत्येक घटना कथेला आवश्यक. आद्याक्षरांपेक्षा हा पुरावा कितीतरी जड आहे. आता फरकही तितक्याच नेटाने मांडा. प्रकटीकरणात स्त्रीचं रक्षण देव करतो. इथे देव कुठेच नाही, सारा स्वतः लढून वाचते. मुलाचा गर्भ चारचौघांसारखाच राहतो. आणि हा मुलगा पुढे सेनापती होतो, बळी नव्हे. दुसऱ्या भागात (१९९१) दुसऱ्यांसाठी स्वेच्छेने वितळत्या पोलादात उतरतं ते यंत्र. म्हणजे कॅमेरॉन यांनी जन्मकथेचा सांगाडा एका पात्राला दिला आणि बलिदान दुसऱ्याला. 'जॉन म्हणजे ख्रिस्त' असं एका वाक्यात म्हणणाऱ्याच्या हातून ही गंमत निसटते.

'चिल्ड्रन ऑफ मेन'मध्येही असाच सांगाडा आहे. १८ वर्षं जगात मूलच जन्मलेलं नाही, आणि 'की' नावाची निर्वासित मुलगी आपलं गर्भारपण गोठ्यात, गायींच्या मध्ये उघड करते. बाप कोण, या प्रश्नावर ती आधी थट्टेने 'मी कुमारी आहे' म्हणते. बाळ घेऊन ती गोळीबारातून बाहेर येते तेव्हा सैनिक थांबतात, काही गुडघे टेकतात, क्रूसाची खूण करतात. दृश्य सुंदर आहे आणि बहुतेक लेख तिथेच संपतात. पण पुढचे काही क्षण पाहा: ती पुढे सरकताच गोळीबार पुन्हा सुरू होतो. लूक २ मध्ये देवदूत जाहीर करतात ती शांती इथे मिनिटभर टिकते. हा भाग टिपणात नसेल तर चित्रपट अर्धाच पाहिला.

उलटी प्रतिमा

कधी चित्रपट बायबलची गोष्ट घेतो आणि मुद्दाम उलटी करतो. 'ब्लेड रनर'मध्ये बॅटीचा निर्माता टायरेल त्याला 'उधळा पुत्र' म्हणतो. लूक १५ मध्ये परतलेल्या मुलाला बाप मिठी मारतो. इथे मुलगा बापाचं चुंबन घेतो आणि त्याला ठार मारतो. हा पुरावा ख्रिस्ती आशयाच्या विरुद्ध जात नाही. पण 'साम्य' म्हणून नोंदवला तर चूक होते. रकान्यात 'उलट' असा शब्द लिहा आणि उलटण्याचं कारण शोधा. इथे कारण साधं आहे: या निर्मात्याने मुलांना चार वर्षांचंच आयुष्य देऊन बाजारात उभं केलंय.

त्याच बॅटीने अखेरीस, आपल्याला मारायला आलेल्या डेकार्डला छतावरून पडताना वर ओढणं हा मात्र शत्रूवरच्या कृपेचा सरळ पुरावा आहे, आणि चौथ्या प्रश्नाचं इतकं चोख उत्तर देणारी दृश्यं थोडी आहेत. त्यानंतर उडणारं कबुतर नसतं तरी काही बिघडलं नसतं.

दुसरा दावेदार कोण?

प्रत्येक मोठ्या साम्याला विचारा: हे ख्रिस्ती सोडून आणखी कुठून आलेलं असू शकतं?

मरणाच्या तोंडून सुटावं म्हणून आईबापांनी लहानग्याला पात्रात घालून सोडून देणं, ही सुपरमॅनची सुरुवात. हा मोशे आहे (निर्गम २), येशू नव्हे. १९३८ मध्ये वाचकांसमोर आलेलं हे पात्र रचणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर दोघेही ज्यू होते. २०१३ च्या चित्रपटाने त्यावर ख्रिस्ती रंग चढवला: ३३ हे वय, चर्चमधला संवाद, मागे काचेवर गेथशेमानेतल्या, म्हणजे अटकेआधीच्या येशूच्या, प्रार्थनेचं चित्र. निर्मात्या स्टुडिओने पाळकांसाठी प्रवचनाची टिपणंही तयार करवून घेतली होती. खुणा विक्रीसाठीही पेरल्या जातात, हे ध्यानात ठेवलेलं बरं. शेवटी नायक शहर उद्ध्वस्त होऊ देणाऱ्या लढाईनंतर शत्रूची मान मोडतो. चौथ्या प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

'द मेट्रिक्स'चा विचाराचा थर तपासला तर दुखणं पाप नाही, अज्ञान आहे. उपाय क्षमा नाही, जाग येणं आहे. ही मांडणी नॉस्टिक पंथांना (गूढ ज्ञानानेच सुटका होते असं मानणाऱ्या प्राचीन पंथांना) आणि बौद्ध विचाराला अधिक जवळची. मरून उठलेला निओ शत्रूंना क्षमा करत नाही, मोडतो. पण तिसऱ्या भागात (२००३) तो स्वतःहून मरण पत्करतो, यंत्रं त्याचा देह हात पसरलेल्या अवस्थेत नेतात आणि 'पूर्ण झालं' अशा अर्थाचं वाक्य ऐकू येतं, योहान १९:३० ची आठवण देणारं. म्हणून या मालिकेबद्दल एकच निष्कर्ष काढू नका. प्रत्येक भागाचं टिपण वेगळं करा.

'ड्यून'चे दोन भाग (२०२१, २०२४) तर तारणाऱ्याच्या कल्पनेवरच संशय घेतात. भविष्यवाणी पेरलेली आहे, आणि तिचे शब्द, महदी (येणारा तारणारा) वगैरे, इस्लामी परंपरेतून घेतलेले आहेत. 'निवडलेला' दिसला की ख्रिस्त शोधायची सवय इथे तोंडघशी पाडते.

निर्माते काय म्हणतात

हे सर्वांत शेवटी वाचा, नाहीतर डोळ्यांवर आधीच चष्मा चढतो. क्लाटूचं साम्य पटकथालेखक एडमंड नॉर्थ यांनी जाणूनबुजून आणलं होतं आणि दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांना त्याबद्दल सांगितलं नव्हतं. त्या वेळच्या हॉलिवूडच्या सेन्सॉर कार्यालयाने पुनरुत्थानाला हरकत घेतली, म्हणून जीवन-मरणाची खरी सत्ता सर्वसमर्थ आत्म्याकडेच आहे असं वाक्य क्लाटूच्या तोंडी घातलं गेलं. म्हणजे चित्रपटातलं सर्वांत धार्मिक वाक्य तडजोडीतून आलं. उलट 'ई.टी.' (१९८२) मध्ये उजळणारं हृदय, जखम बरी करणारं बोट, मरून उठणं, आकाशात जाणं, त्याला आसरा देणाऱ्या मुलाच्या आईचं नाव मेरी, इतकं सगळं असूनही स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ख्रिस्ती रूपक मनात असल्याचं नाकारलं. 'रोबोकॉप' (१९८७) बद्दल पॉल व्हरहोव्हन यांनी मात्र 'अमेरिकन येशू' असा शब्द उघड वापरला. शेवटच्या भागात पाण्यावरून चालणारा मर्फी (रोबोकॉप झालेला पोलीस) आणि त्याच्या हातातली बंदूक एकत्र पाहिली की त्या विशेषणातला टोमणा कळतो.

निर्मात्याचा होकार म्हणजे निकाल नव्हे आणि नकार म्हणजेही नव्हे. फक्त वाक्यरचना बदला. होकार असेल तर 'लेखकाने योजलं', नसेल तर 'चित्रपटात दिसतं'. 'दिग्दर्शकाला इथे म्हणायचं आहे' हे मुलाखतीचा आधार असल्याशिवाय लिहू नका.

लिहिताना आणि चर्चेत

एका चित्रपटावर एकच दावा, एका वाक्यात. त्याला आधार म्हणून जास्तीत जास्त तीन दृश्यं, आणि त्यांतलं निदान एक कथानकाच्या किंवा विचाराच्या थरातलं. प्रत्येक दृश्याला संदर्भ आणि फरक, दोन्ही. १५ खुणांची यादी वाचकाला थकवते, आणि तिच्यातली एक चुकली की उरलेल्या १४ वरचाही विश्वास उडतो.

गटाला दाखवायचा असेल तर चित्रपट संपल्याबरोबर ख्रिस्ताचं नाव काढू नका. पहिली १५ मिनिटं फक्त कथेवर: कोण वाचलं, कशातून, कुणी काय गमावलं. मग एकच उतारा मोठ्याने वाचा आणि विचारा, चित्रपट याच्याशी कुठे सहमत आहे आणि कुठे भांडतो. श्रद्धा नसलेली किंवा दुसऱ्या धर्माची माणसं गटात असतील तर 'भांडतो'पासून सुरुवात करा. त्यांना बोलायला तिथे जास्त जागा मिळते, आणि विरोधी पुराव्याचा रकाना बहुधा तीच भरून देतात.